सुरत–मोखा जलमार्ग

सुरत–मोखा जलमार्ग हा तापी नदीच्या मुखाजवळील सुरत बंदरापासून अरबस्तानच्या ओसाड किनाऱ्याने तांबड्या समुद्रातील मोखा व जेद्दा या बंदरांकडे जाणारा शिडाच्या जहाजांचा मार्ग होता. सोळाव्या ते अठराव्या शतकांत त्याची विशेष भरभराट झाली. समुद्रापासून दूर असलेला खानदेश (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे आणि बऱ्हाणपूरचा परिसर) पश्चिम आशियाच्या बाजारपेठांशी या मार्गाने जोडला गेला होता.

खानदेशातील वाट

तापी जळगाव व धुळे जिल्ह्यांतून वाहत असली, तरी तिचे येथील पात्र खडकाळ व उंच दरडींचे आहे. त्यामुळे मालाच्या नावा तिच्यातून समुद्रापर्यंत जाऊ शकत नसत. माल बैलगाड्यांतून आणि लमाणांच्या तांड्यांबरोबर जाई. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने सुरत ते बऱ्हाणपूर वाटेवरील मुक्कामांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर व चोपडा यांची नोंद केली आहे. (नवापूरच्या बारीक तांदळास कस्तुरीसारखा सुवास असल्याचेही तो आवर्जून सांगतो.) बऱ्हाणपूरचे तलम व छापील कापड इराण व तुर्कस्तानपर्यंत विकले जाई. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्याने मोठी जहाजे बाहेरच नांगर टाकत व माल लहान होड्यांनी त्यांच्यापर्यंत पोहोचवला जाई.

मोसम

या प्रवासाचे सारे गणित वाऱ्यावर अवलंबून होते. ‘मोसम’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळचा अरबी आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ईशान्य मोसमी वारा असेपर्यंत, म्हणजे साधारणतः मार्चच्या मध्यापर्यंत, जहाजांना सुरत सोडावी लागे. हद्रमौतचा किनारा व एडन मागे टाकून ती बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीत शिरत. ऑक्टोबर ते मे या काळात तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात दक्षिणेकडील वारा असल्याने मोखा गाठणे सोपे असे. मात्र उत्तर भागात वर्षभर वायव्येकडील वाराच प्रबळ असतो. जेद्दाकडे जाताना अखेरच्या टप्प्यात तो समोरून येई व जहाजास नागमोडी वळणे घेत पुढे सरकावे लागे. म्हणूनच भारतीय जहाजे सहसा जेद्दाच्या पलीकडे जात नसत.

परतीचा प्रवास ऑगस्टमध्ये सुरू होई. जून-जुलैत अरबी समुद्र फार खवळलेला असतो आणि सप्टेंबरनंतर नैर्ऋत्य वारा सरतो. या अरुंद संधीत निघता आले नाही, तर जहाज, खलाशी आणि मालात गुंतलेले भांडवल पुढील हंगामापर्यंत अडकून पडे. सुरतेच्या सावकाराची वसुली लांबली, की त्याची झळ आतल्या मुलखातील विणकरास बसणे ओघानेच येई.

किनाऱ्यावरील धोके

तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर वाळवंट आहे. बारमाही नदी एकही येऊन मिळत नाही. पिण्याचे पाणी जहाजावरील लाकडी टाक्यांत साठवून न्यावे लागे. किनाऱ्यालगत प्रवाळाचे खडक पसरलेले आहेत. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना पाण्याच्या रंगावरून ते ओळखता येतात. सूर्य समोर असेल अथवा हवेत धूळ असेल, तर दिसत नाहीत. त्यामुळे खडकाळ भागात दिवसा प्रवास करून रात्री आडोशाला नांगर टाकण्याची पद्धत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा कर्ताही या समुद्राचा अरबी किनारा टाळून मधूनच जहाज हाकारण्यास सांगतो.

खुष्कीच्या वाटेपेक्षा हा मार्ग सुरक्षित होता असे मुळीच नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून हजला गेली. परतताना एडनजवळ जहाज फुटल्याने तिला तेथे दीर्घकाळ राहावे लागले व १५८२ मध्ये ती फत्तेपूर सिक्रीस पोहोचली. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाच्या मालकीचे ‘गंज-ए-सवाई’ हे यात्रेकरूंनी भरलेले परतीचे जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटले.

ऱ्हास

मोख्याच्या कॉफीच्या बदल्यात येणारी चांदी हे या व्यापाराचे मोठे आकर्षण होते. अठराव्या शतकात डचांनी जावा बेटावर कॉफीची लागवड वाढवली, तसे मोख्याचे महत्त्व घटले. मोगल सत्ता खिळखिळी झाल्याने सुरतही मागे पडली. १८६० च्या दशकात मुंबईहून लोहमार्ग भुसावळपर्यंत आला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि खानदेशचा कापूस मुंबईमार्गे आगबोटींनी युरोपास जाऊ लागला.