विश्लेषण : ‘एमबीबीएस’च्या सुट्टीत भटकंती करावी, की सीव्ही भरावा?

मे महिना जवळ आला की वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत दोन तऱ्हेच्या चर्चा सुरू होतात. एका खोलीत कसोलहून निघणाऱ्या सार पासच्या ट्रेकसाठी सॅक भरली जात असते, शेजारच्या खोलीत कोणत्या सरांकडे ‘रिसर्च’ मिळेल याची चौकशी चाललेली असते. ट्रेकला निघालेल्याला आपण मागे पडू अशी धास्ती असते, तर थांबलेल्याला घरी न गेल्याची रुखरुख. या धास्तीत खरे किती आणि ऐकीव किती?

मुळात सुट्टी असते किती?

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्षाची इंटर्नशिप. शाळेसारखा वर्ष संपल्यावर मिळणारा मोकळा उन्हाळा यात बसतच नाही. करोनानंतर ‘नीट’चे निकाल, समुपदेशनाच्या फेऱ्या आणि प्रवेश लांबत गेले, त्यामुळे अनेक तुकड्यांचे वर्ष दिवाळीच्या आसपास सुरू होते. साहजिकच मे महिना वर्षाच्या मधोमध येतो. सुट्टी असते, पण तिच्यामागे सत्र परीक्षा दबा धरून बसलेली असते. विद्यापीठाच्या परीक्षेनंतरची खरी मोकळीक भलत्याच ऋतूत आणि थोडक्या दिवसांची मिळते. हजेरीची अट कडक आहे: थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के. त्यामुळे ‘चार दिवस जास्त राहून येतो’ हे गणित नंतर महागात पडते. इंटर्नशिपमध्ये तर वर्षभरात १५ दिवसांचीच रजा.

मग ‘शेवटचा उन्हाळा’ ही भाषा आली कुठून?

ती अमेरिकेची. तेथे पदवीनंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असते आणि पहिल्या व दुसऱ्या वर्षांच्या मध्ये साधारण दोन महिन्यांचा उन्हाळा मोकळा मिळतो. नंतर रुग्णालयातील पाळ्या सुरू झाल्या की एवढी सलग सुट्टी पुन्हा नाही, म्हणून तो ‘शेवटचा उन्हाळा’. काही महाविद्यालयांनी सुरुवातीचा अभ्यासक्रम दीड वर्षात आवळल्यामुळे तोही आक्रसला आहे. त्यात २६ जानेवारी २०२२ पासून ‘यूएसएमएलई’च्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले आणि निकाल फक्त उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागू लागला. उमेदवारांना वेगळे काढण्याची एक मोजपट्टी गेली आणि दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर, संशोधनावर आणि शिफारसपत्रांवर भार वाढला. उन्हाळ्यात प्रयोगशाळा गाठण्याची घाई तेव्हापासून अधिकच वाढली.

याला दुसरी बाजूही आहे. रेसिडेन्सीच्या सामाईक अर्जात आता अनुभवांच्या जास्तीत जास्त दहाच नोंदी करता येतात. त्यातील तीन सर्वात महत्त्वाच्या म्हणून निवडून त्यांच्याबद्दल लिहावे लागते. वीस ठिकाणी नाव लावून ठेवण्यापेक्षा एका कामाबद्दल मुलाखतीत दहा मिनिटे बोलता येणे मोलाचे ठरते. छंदांसाठीही या अर्जात जागा असते, हे आपल्याकडचे सल्लागार सहसा सांगत नाहीत.

भारतात पीजीसाठी या नोंदींना किंमत किती?

थेट उत्तर द्यायचे तर शून्य. एमडी-एमएसचा प्रवेश ‘नीट-पीजी’च्या गुणवत्ता क्रमांकावर होतो. संशोधन निबंध, परिषदेतील पोस्टर, शिबिराचे प्रमाणपत्र यांना त्यात एकही गुण नाही. त्यामुळे इथेच पीजी करायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याने केवळ ‘सीव्हीसाठी’ म्हणून सुट्टी खर्ची घालण्यात फारसा अर्थ नाही. ‘नेक्स्ट’ ही परीक्षा २०२३ मध्ये पुढे ढकलली गेली, पण तिचा गाभाही परीक्षेचाच आहे.

संशोधन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पीजीला प्रबंध लिहावाच लागतो आणि तेव्हा नमुना किती घ्यायचा, नैतिकता समितीकडे अर्ज कसा करायचा, इथपासून चाचपडणारे डॉक्टर कमी नसतात. ज्याने ते आधी एकदा केले आहे, त्याचे पुढचे कित्येक महिने वाचतात.

‘एसटीएस’साठी सुट्टी द्यावीच लागते का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’ १९७९ पासून सुरू आहे. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शक शोधून प्रस्ताव पाठवायचा, निवड झाली की दोन महिन्यांत काम पुरे करून अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला तरच विद्यावेतन आणि प्रमाणपत्र हाती पडते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि इंटर्न यासाठी पात्र नसतात, म्हणजे ही संधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच घ्यावी लागते.

येथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. दोन महिने म्हणजे अख्खी सुट्टी गेली, असे विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक प्रकल्प ओपीडीतील रुग्णांना प्रश्नावली देण्याचे किंवा नोंदी तपासण्याचे असतात आणि ते काम तास संपल्यावर, सत्र सुरू असतानाच होते. वेळ खाणारा भाग त्याआधीचा: विषय ठरवणे, मार्गदर्शकाच्या मागे फिरणे, समितीची मंजुरी. तो हिवाळ्यातच उरकलेला बरा. मे महिन्यात ‘सर, काही रिसर्च आहे का?’ असे विचारत आलेल्याच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याच्या एक्सेल तक्त्यात आकडे भरण्याचे काम येते.

उन्हाळ्यात थांबलेल्या विद्यार्थ्याचे नशीब कधीकधी उघडतेही. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील केंट परगण्यात शरीरशास्त्रज्ञ आर्थर कीथ पत्नीसह सायकलवर चेरीच्या बागा पाहायला गेले होते. घरी थांबलेला त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याचे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. दोघे परतले तेव्हा त्याने त्यांना एक वेगळीच रचना दाखवली. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात तो हाच ‘सायनस नोड’. अर्थात त्या दुपारी फिरायला गेले होते ते गुरूजी!

परदेशी जायचे असेल तर?

अमेरिकेतील रुग्णालयात प्रत्यक्ष काम करण्याची ‘इलेक्टिव्ह’ सहसा पदवी पूर्ण होण्याआधी, शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाच मिळते. पदवी हाती पडली की बहुतेक ठिकाणी केवळ निरीक्षक म्हणून उभे राहता येते. आपल्या अभ्यासक्रमातही २०१९ च्या तुकडीपासून इलेक्टिव्ह आली. आधी ती चार-चार आठवड्यांच्या दोन भागांत होती, नंतर एकूण महिनाभरावर आली. एवढ्या खिडकीत परदेशवारी बसवायची तर महाविद्यालयाची परवानगी, व्हिसा आणि पैसा यांची जुळवाजुळव वर्षभर आधी करावी लागते. ज्यांचे हे ठरलेले आहे त्यांनी दुसऱ्या वर्षातील सहलीवर पाणी सोडण्यापेक्षा तो पैसा आणि ती सुट्टी शेवटच्या वर्षासाठी राखणे शहाणपणाचे. ज्यांचे ठरलेले नाही, त्यांनी उगाच धावू नये.

फिरणे आणि शिकणे एकत्र जमते?

महाराष्ट्रात तरी त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गडचिरोलीतील ‘सर्च’, १९७० पासून चालणारा जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प, चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे मे महिन्यात भरणारी आमटे परिवाराची श्रमसंस्कार छावणी या वाटा अनेक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तुडवल्या आहेत. तेथे जाऊन इंजेक्शने टोचायची नसतात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तसे करूही नये. पाहायचे, ऐकायचे आणि घमेली उचलायची. शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांना राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. प्राथमिक आरोग्य केंद्र आधी आतून पाहिलेल्याला ते वर्ष कमी परके वाटते.

डॉ. प्रकाश आमटे विद्यार्थीदशेत असताना बाबा आमटे यांनी घरच्या मंडळींना भामरागडला नेले, ते सहल म्हणूनच. तेथील माडिया गोंडांची स्थिती पाहून मुलाने तिथे काम करण्याची तयारी दाखवली आणि १९७३ मध्ये हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प उभा राहिला. असे भाग्य प्रत्येक सहलीला लाभत नाही, लाभावे अशी अपेक्षाही नको. नुसते झोपायला घरी जाणे हेही सुट्टीचे रास्त कारण आहे.

हिमालयात जायचेच असेल तर तारखांचा घोळ तेवढा सांभाळावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडते. सत्र परीक्षेच्या तारखा कधीकधी त्याहूनही उशिरा लागतात, त्यामुळे ट्रेकचे पैसे भरण्याआधी परीक्षा विभागाच्या खिडकीवर एक फेरी मारलेली बरी.