दोन रिमोट, एक पडदा

घरांतील एखादी वस्तु बिघडली तर मनुष्य तिच्यावर रागावतो. परंतु ती खरोखर बिघडली आहे कीं आपणांसच ती समजलेली नाहीं, याचा निर्णय लागेनासा झाला म्हणजे तो स्वतःकडेच संशयानें पाहूं लागतो. बारामती व इंदापूर या गांवांतील कित्येक घरांत ही अवस्था पाहावयास सांपडते. मुलगे व सुना नोकरीनिमित्त पुण्यास किंवा मुंबईस असतात. घरीं वडील माणसें दोघेंच, कित्येकदां एकच. संध्याकाळीं बातम्या लावावयास जावें, तों पडद्यावर मुंग्या दिसूं लागतात. मग पुण्यास फोन जातो. “अरे, टीव्ही गेला वाटतं.” “आई, तूं रिमोट कोणता दाबलास?” “कोणता म्हणजे? काळाच!” दोन्ही रिमोट काळेच असतात, आणि मुलाला एवढ्या दुरून कांहींच दिसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं केबलवाला येतो, एक बटण दाबतो आणि चित्र दिसूं लागतें. एक संध्याकाळ फुकट गेली, हें नुकसान लहान होय. ज्या बाईनें चाळीस वर्षें घर चालविलें, तिला आपल्याच घरांतील वस्तूस हात लावण्याची भीति वाटूं लागते, हें नुकसान मोठें आहे.

ही भीति कोठून आली, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं संचावरील खटका फिरविला कीं काम होई. पुढें केबल आली, तेव्हांही तार सरळ संचाच्या पाठींत शिरे व वाहिनी निवडण्याचें काम संचच करी. रिमोट एक आणि त्याचा हुकूम ऐकणाराही एकच, असा तो सरळ व्यवहार होता. नंतर केबलचें सर्व प्रक्षेपण डिजिटल पद्धतीनें व्हावें म्हणून २०११ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. मुंबई पहिल्या टप्प्यांत व पुणें दुसऱ्या टप्प्यांत आलें. बारामती, इंदापूर यांसारखीं नगरपरिषदांचीं गांवें तिसऱ्या टप्प्यांत होतीं. त्या टप्प्याची ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत गेली. आसपासच्या खेड्यांसाठीं ३१ मार्च २०१७ ही तारीख ठरली.

या बदलामुळें तार आणि संच यांच्या मध्यें एक पेटी येऊन बसली. तिलाच सेटटॉप बॉक्स म्हणतात. तारेंतून येणारे संकेत उलगडणें, वाहिनी निवडणें आणि तयार चित्र संचाकडे पाठविणें, हीं सर्व कामें आतां पेटी करते. संचाचें काम आरशाचें: पेटी देईल तें दाखवावें. बहुतेक घोटाळ्यांचें मूळ येथेंच आहे. जुन्या सवयीनें मनुष्य संचाचा रिमोट उचलून वाहिनी बदलूं पाहतो. संच पेटीकडील वाट सोडून आपल्या जुन्या वाटेनें वाहिनी शोधूं लागतो. त्या वाटेवर आतां कोणीच नसल्यामुळें मुंग्या किंवा कोरा निळा पडदा दिसतो. वास्तविक कांहींच बिघडलेलें नसतें.

एका रिमोटचा हुकूम दुसऱ्या यंत्रास कां कळत नाहीं, तेंही पाहण्यासारखें आहे. १९५५ सालीं अमेरिकेंतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनीं केलेला बिनतारी रिमोट म्हणजे साध्या प्रकाशाचा झोत होता. संचाच्या कोपऱ्यांवर तो पाडला कीं काम होई. परंतु उन्हाचा कवडसा पडला तरी संच फसे. पुढील सालीं त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनीं मनुष्यास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीचा उपयोग केला. आजचे बहुतेक रिमोट अवरक्त किरणांवर चालतात. हे किरण विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं शोधून काढले. ते डोळ्यांस दिसत नाहींत. रिमोटच्या टोंकाशीं असलेला बारीक दिवा सेकंदास सामान्यतः ३८,००० वेळां लुकलुकतो, म्हणून घरांतील इतर प्रकाशांतून पेटी त्याला वेगळा ओळखूं शकते. या लुकलुकण्याच्या लहानमोठ्या तुकड्यांतून प्रत्येक बटणाची खूण तयार होते. दोन शाळांत घंटा तीच असली तरी एकींत तीन ठोके म्हणजे मधली सुटी आणि दुसरींत शाळा सुटली, असें असूं शकतें. प्रत्येक कंपनीच्या खुणांचेंही तसेंच आहे.

इतकें समजल्यावर दोष शोधणें सोपें होतें. रिमोट, पेटी आणि संच या तीन कड्या आहेत. त्या एकेक करून पाहाव्या. प्रथम पेटीच्या रिमोटचें कोणतेंही बटण दाबून पेटीवरील दिव्याकडे नजर ठेवावी. दिवा लुकलुकला तर हुकूम पोहोंचला, म्हणजे रिमोट शाबूत आहे. अशा वेळीं संचाचा रिमोट घेऊन ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असें लिहिलेलें बटण दाबावें आणि पेटीची तार ज्या खांचेंत बसविली आहे तिचें नांव निवडावें. पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन तारा असल्यास ‘एव्ही’, आणि चपट्या तोंडाची एकच तार असल्यास ‘एचडीएमआय’. पुष्कळशा तक्रारी येथेंच मिटतात.

दिवा लुकलुकला नाहीं, तर पेटीस वीज आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. मग सेल पाहावे. दोन्ही सेल एकदम बदलावे. एक नवा व एक जुना घालूं नये. उलटसुलट खुणा जुळवून घ्याव्या, आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशी धरली असल्यास ती कोरड्या कापडानें पुसून काढावी. तरीही शंका राहिल्यास मोबाईलचा कॅमेरा उघडून रिमोटचें टोंक त्याच्यासमोर धरावें व बटण दाबावें. जो प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं तो कॅमेऱ्यांत जांभळट दिसतो. मागच्या कॅमेऱ्यांत न दिसल्यास पुढच्यांत पाहावा. मात्र ब्लूटूथवर चालणाऱ्या नव्या रिमोटांस ही परीक्षा लागू पडत नाहीं.

रिमोट ठीक असून पेटी ऐकत नसेल, तर वाटेंत अडथळा आहे. पेटीवर घातलेला विणलेला रुमाल पुढें लोंबत असतो, किंवा पश्चिमेच्या खिडकींतून ऊन थेट पेटीच्या तोंडावर येतें. तेंही नसेल तर पेटी गोठली आहे, असें समजावें. भिंतीवरील बटण बंद करून एक मिनिट थांबावें व पुन्हां चालूं करावें. वीज जाऊन आल्यावर हा प्रकार पुष्कळदां घडतो. पडद्यावर पैसे भरण्याची मुदत संपल्याची सूचना आली असेल, तर मात्र रिमोटला दोष देऊं नये. तें काम केबलवाल्याचेंच.

रिमोट हरवला वा फुटला तर नवा घेतांना जुना, निदान पेटीच्या पाठीवरील चिठ्ठीचें छायाचित्र, दुकानीं न्यावें. कंपनी एकच असली तरी पेटी निराळी असल्यास खुणा निराळ्या असूं शकतात. पेटीच्या कित्येक रिमोटांवर संचासाठीं चार-पांच बटणें वेगळीं राखलेलीं असतात. त्यांस संचाच्या रिमोटचे हुकूम शिकवितां येतात. सोबतच्या कागदांत सांगितलेलें बटण तांबडा दिवा लागेपर्यंत दाबून ठेवावें, दोन्ही रिमोटांचीं तोंडें समोरासमोर आणावीं, आणि ज्या बटणास शिकवावयाचें तें व मूळ रिमोटवरील त्याच कामाचें बटण कागदांतील क्रमानें दाबावें. संच चालूं करणें, आवाज आणि सोर्स एवढीं कामें शिकविलीं कीं संचाचा रिमोट कपाटांत ठेवून द्यावा. घोटाळ्याचें कारणच नाहींसें होतें.

सुटींत घरीं आलेल्या मुलानें हें काम दहा मिनिटांत उरकून पुण्यास परत जाऊं नये. पेटीच्या रिमोटला तांबडी चिकटपट्टी लावावी, वरील क्रम मोठ्या अक्षरांत मराठींत लिहून संचाशेजारीं डकवावा, आणि मुख्य म्हणजे तो वडिलांच्या व आईच्या हातून दोनदां करवून घ्यावा. मुलाच्या हातांतील रिमोट पाहून कोणी शिकत नाहीं. स्वतःच्या हातानें चुकून, सांवरून मनुष्य शिकतो. पुढच्या वेळीं पडद्यावर मुंग्या आल्या, तर पुण्यास फोन अवश्य जावा. पण तो “आज मींच नीट केला” हें सांगण्यासाठीं.