एक भूमिका, चोपन्न वर्षे

२ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर दुपारच्या वेळी ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका सुरू झाली. मालिकेतलं पहिलंच वाक्य नॅन्सी ह्यूज या गृहिणीच्या तोंडी होतं आणि नॅन्सीचं काम करत होत्या ३७ वर्षांच्या हेलन वॅग्नर. १ मे २०१० रोजी वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हाही प्रेक्षकांसाठी त्या नॅन्सीच होत्या. मधला काही काळ त्या मालिकेबाहेर होत्या, तरी दूरचित्रवाणीवर एकच भूमिका सर्वाधिक काळ करण्याचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर लागला. नॅन्सी पडद्यावर आली तेव्हा आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष होते, शेवटची दिसली तेव्हा ओबामा. एका गृहिणीच्या संसारात अकरा राष्ट्राध्यक्ष झाले.

मालिकेचे एकूण भाग झाले १३,८५८. रोज एक भाग, रविवारही न चुकवता पाहायचा ठरवला, तर जवळजवळ ३८ वर्षं लागतील. आज पहिलीत बसलेलं मूल शेवटच्या भागाला पोहोचेपर्यंत चाळिशी ओलांडून जाईल! रोहिणी हट्टंगडींची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले, तेव्हा आपण तोंडात बोट घातलं होतं. हा आकडा त्याच्या चौपटीहून मोठा आहे.

पण मला खरा थक्क करतो तो या आकड्याच्या पोटातला दुसरा आकडा. १९७५च्या सुमारापर्यंत ही मालिका थेट प्रक्षेपित व्हायची. आठवड्याला पाच भाग धरले, तर वीसेक वर्षांत सुमारे पाच हजार. संवाद अडला, कप हातातून निसटला, तरी रिटेक नाही. समोर अख्खा देश बघतोय आणि उद्याचे संवाद अजून पाठ व्हायचेत. रंगभूमीवर मुरलेल्या नटालाही घाम फुटावा असं हे काम.

२२ नोव्हेंबर १९६३चा भाग असाच थेट चालू होता. सुरू होऊन दहाच मिनिटं झाली होती. नॅन्सी सासऱ्यांशी घरगुती बोलत होती आणि अचानक पडद्यावर बातमीची पाटी आली. वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटचा आवाज सांगू लागला की डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. चेहरा दिसत नव्हता, कारण बातम्यांच्या स्टुडिओतला कॅमेरा तापून तयार व्हायलाच वीसेक मिनिटं लागत. इकडे कलाकारांना काहीच पत्ता नव्हता. ते प्रसंग करतच राहिले.

याच हेलन वॅग्नरना मालिकेच्या सुरुवातीच्या काळात काढून टाकण्यात आलं होतं. निर्मात्या-लेखिका अर्ना फिलिप्स यांना त्यांची कॉफी ओतण्याची पद्धत आवडली नाही, असा किस्सा सांगतात. लवकरच त्यांना परत बोलावणं आलं. पुढच्या पन्नास वर्षांत त्या स्वयंपाकघरात किती कॉफी ओतली गेली, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

त्यांचा शेवटचा भाग ५ एप्रिल २०१०ला दिसला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मालिकाही संपली. त्यांचा विक्रम पुढे गेला तो ब्रिटनच्या विल्यम रोच यांच्याकडे, जे ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मध्ये ९ डिसेंबर १९६०च्या पहिल्या भागापासून केन बार्लो साकारत आले आहेत.