आग विझवायला आलेल्यांना तुमच्या गोदामात काय आहे ते कोण सांगणार?

आज विक्री-मार्केटिंग बाजूला ठेवू. एका मालगाडीची गोष्ट सांगतो, धंद्याला लागू पडते म्हणून.

३ फेब्रुवारी २०२३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ईस्ट पॅलेस्टाईन गाव. रात्री नऊच्या सुमारास नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे रुळावरून घसरले आणि आग लागली. त्यातल्या ११ डब्यांत धोकादायक माल होता. पाच टँकरमध्ये व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल.

अग्निशमनवाले लगेच पोहोचले. पण कोणत्या डब्यात काय आहे, ती यादी त्यांच्या हातात पडायला उशीर झाला. डब्यांवरच्या धोक्याच्या पाट्या प्लास्टिकच्या, त्या आगीत जळून गेल्या. म्हणजे समोर काय पेटलंय हे माहीत नसताना माणसं तिथे उभी होती!

पुढचं आणखी महत्त्वाचं. टँकर फुटतील या भीतीने ६ फेब्रुवारीला ते पाचही टँकर मुद्दाम फोडून आतला माल जाळला. माल बनवणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांचं मत वेगळं होतं, पण ते निर्णय घेणाऱ्या अग्निशमन प्रमुखापर्यंत पोहोचलंच नाही. ‘जाळायची गरज नव्हती,’ असं तिथल्या चौकशी मंडळाने २०२४ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेत नियम आला: रेल्वे कंपनीने गाडीतल्या धोकादायक मालाची ताजी माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायची आणि अपघात झाला की लगेच बचाव पथकाला द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, माझं तर छोटंसं दुकान आहे.’ बरोबर. पण थिनर, स्पिरिट, गॅस सिलिंडर, ॲसिड यातलं काहीतरी असतंच ना? मग एवढं करा:

१. मालाची एक पानी यादी बनवा: काय, किती, कुठल्या कोपऱ्यात. सोबत लाइटचा मेन स्विच कुठे आहे तेही लिहा. एक प्रत दुकानाबाहेर, शेजाऱ्याकडे किंवा घरी आणि एक मोबाईलमध्ये. आत ठेवलेली यादी आगीत जाते.

२. ११२ किंवा १०१ ला फोन लावला की आधी पत्ता आणि खूण सांगा. मग काय पेटलंय, आत कोणी अडकलंय का, कोणता माल आहे. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

३. गाडी आली की त्यांचा साहेब कोण ते विचारा आणि यादी थेट त्यांच्याच हातात द्या. ‘त्या माणसाला सांगितलं होतं’ हे उपयोगाचं नाही.

४. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. अंदाज ठोकू नका.

रेल्वेलाइनजवळ टँकर घसरलेला दिसला तर जवळ जाऊन व्हिडिओ काढू नका. लांबूनच पाटीवरचा चार अंकी नंबर दिसला तर तो फोनवर सांगा. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल. त्या चार आकड्यांवरून आत काय आहे ते पथकाला कळतं.

स्टॉकची यादी आपण जीएसटीसाठी, बँकेसाठी करतोच. आज शटर ओढण्याआधी अजून एक पान लिहा. तुमचं दुकान वाचवायला आत शिरणाऱ्या माणसासाठी.