घरची गाडी, घरचा पाना – भाग ६ : ब्रेकचे पॅड

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. रस्ता शंभर किलोमीटरच्या वर. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या गावच्या मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. झिजायचे ते अस्तराने झिजावे आणि झिजले की बदलता यावे, ही युक्ती आजच्या ब्रेक पॅडमध्येही तीच आहे.

अस्तरावर भार किती येतो? हजार किलोची गाडी आंबोलीसारख्या घाटात ५०० मीटर खाली आली, तर जवळपास १५ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरले तर इंजिन त्यातला बराच वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा तो सगळा वाटा पॅडच्या माथी मारतो.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. आज फक्त पुढचे पाहू. अस्तर ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलावेत. अनेक पॅडना पत्र्याची बारीक जीभ असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून किरकिरते. पण आवाजाची वाट पाहू नये. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरची सरकती पिन गंजून अडकली असेल तर बाहेरचा जाड दिसतो आणि आतला पार पत्र्यापर्यंत गेलेला असतो. चाक काढून दोन्ही पाहावेत, तेच खरे.

गाडी सपाट जागी लावावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जॅकने उचलल्यावर खाली स्टँड हवाच. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली हात घालू नये. चाक काढल्यावर बऱ्याच गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडला की कॅलिपर वर उचलता येतो. तो पूर्ण काढावा लागला तर तारेने बांधून ठेवावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. काळी धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचे ग्रीस लावावे. अस्तराला आणि डिस्कला मात्र त्याचा डागही लागता कामा नये.

नवे पॅड जाड, त्यामुळे पिस्टन मागे ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबावा आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवावे. पातळी चढते, कधी तेल बाहेर येते, आणि ते गाडीचा रंग खाते. डिस्कवर खोल चरे असतील, किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर नुसते पॅड बदलून भागत नाही. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकच बाजू बदलली तर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते.

बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळले, चाक बसले. आता सगळ्यात महत्त्वाचे काम. पिस्टन मागे सरकलेला असल्याने पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाते. गाडी जागची हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरून गाडी काढली, तर अंगणातून निघालेली गाडी पहिल्याच ब्रेकला थांबत नाही. त्यानंतर डबीतली पातळी पाहावी.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत असा वेग आठ-दहा वेळा हळूहळू उतरवावा, मध्ये डिस्क गार होऊ द्यावी. अस्तर डिस्कवर बसायला एवढे लागते. तोवर घाट टाळावा.

पिस्टनच्या रबरातून तेल झिरपत असेल, पेडल स्पंजासारखे दबत असेल, किंवा मागेही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल, तर पाना खाली ठेवा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवा. पुढच्या भागात ब्रेक ऑइल : ते हवेतली ओल का शोषते आणि कधी बदलावे.