रंगाखालचा पत्रा आणि पत्र्यामागचे कागद

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते! जुन्या मोटारीच्या खरेदीला ही म्हण पुरेपूर लागू पडते.

जयपूरमध्ये सीकर रस्त्यालगत, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी मुरलीपुरा ही वसाहत आहे. समजा, तेथील एखाद्या गॅरेजमध्ये 1960च्या दशकातील एमजीबी ही दोन आसनांची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार विक्रीस आहे आणि पुण्याचा एक हौशी ग्राहक ती पाहावयास निघाला आहे. आयुष्याची पुंजी गुंतविण्यापूर्वी त्याने काय तपासावे?

राजस्थानची कोरडी हवा पत्र्याला मानवते. मात्र कडक उन्हाने रबरी नळ्या व बुश तडकतात. शिवाय गाडी जयपूरला येण्यापूर्वी मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिली होती काय, हेही विचारावे. 1962 ते 1980 या काळात निर्माण झालेल्या एमजीबीला स्वतंत्र चॅसी नाही. दाराखालची पोकळ पट्टी, म्हणजेच सिल, गाडीचा भार पेलते. तेथे कापडात गुंडाळलेले चुंबक फिरवावे. ते चिकटले नाही, तर रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे असे समजावे. गाडी जॅकवर उचलून दार उघडून पाहावे. ते अडकू लागले तर सांगाडा खचलेला असण्याचा संभव असतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करण्यास सांगावे. निळा धूर तेल जळत असल्याची खूण होय. एमजीबीचे 1798 सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसॅडरच्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातील. त्यामुळे ॲम्बॅसॅडरचा जाणता मिस्त्री सोबत असल्यास उत्तम. मात्र मूळ इंजिनाऐवजी दुसरेच बसविले असेल तर प्रश्न गंभीर होतो. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार, मूळ स्वरूपात जतन केलेल्या पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीलाच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली वा देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते, दैनंदिन वापरासाठी नव्हे.

शेवटची तपासणी कागदांची. चॅसी व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अंकागणिक ताडून पाहावेत. पुस्तकात एखाद्या वित्तसंस्थेच्या नजरगहाणाची नोंद असल्यास, कर्ज फिटले या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र व नमुना 35 यांच्या आधारे ती नोंद रद्द झालेली असावी. गाडी महाराष्ट्रात आणावयाची तर राजस्थानातील नोंदणी कार्यालयाचेही ना-हरकत प्रमाणपत्र, नमुना 28 मध्ये, हवे. रक्कम बँकेमार्फतच द्यावी. एका व्यवहारात दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास 2017 पासून आयकर कायद्याने मनाई आहे.

गंजलेला पत्रा पैसे खर्चून बदलता येतो. सदोष मालकी मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. म्हणून हौस जरूर करावी, पण विसार देण्यापूर्वी चुंबक आणि नोंदणी पुस्तक या दोहोंची साक्ष घ्यावी.