ढोलपथकातली मुलं सुरक्षित कशी राहतील?

गणेशोत्सव जवळ आला की नाशिकच्या मैदानांवर संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. पथकात नववी-दहावीची मुलं-मुली असतात, कॉलेजचे विद्यार्थी असतात, नोकरी सांभाळून येणारे मोठेही असतात. शिकवणारे दादा-ताई बहुधा पगार न घेता हौसेनं वेळ देतात. इतक्या घरगुती वातावरणात सुरक्षेचे नियम कशाला, असं पालकांनाही वाटतं आणि पथकप्रमुखांनाही. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो. म्हणून माणसं चांगली आहेत एवढ्यावर विसंबून चालत नाही. पथकाची रीतच अशी हवी की गैरप्रकाराला जागा मिळू नये आणि मिळालीच तर ती लगेच उघडी पडावी.

सुरुवात नावनोंदणीपासून होते. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या अर्जावर पालकांची सही, दोन फोन नंबर, आजार किंवा औषधं आणि सरावानंतर मूल कुणाबरोबर घरी जाणार, हे लिहून घ्यावं. शिकवणाऱ्यांचीही तशीच नोंद हवी. आधी कुठल्या पथकात होते, ते का सोडलं, हे त्या पथकाला फोन करून विचारावं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची असते. पथकात पगारी कर्मचारी नसले तरी मुलं तीच असतात, म्हणून शिकवणाऱ्यांची पडताळणी पथकानं आपणहून करून घ्यावी.

आता प्रत्यक्ष सराव. नवख्या मुलाला ढोल स्वतःला नीट बांधता येत नाही. कमरेभोवती दोरी आवळायला, ढोलाची उंची जमवायला, हातातलं टिपरू कसं धरायचं ते दाखवायला दुसऱ्याचा हात लागतोच. इथला नियम सोपा आहे : आधी तोंडानं सांगायचं, “दोरी आवळतो, चालेल ना?” उत्तर आलं की मग हात लावायचा, तोही सगळ्यांसमोर. मुलींना ढोल मुलींनी किंवा ताईंनी बांधावा. जे शब्दांत सांगता येतं किंवा स्वतःच्या ढोलावर करून दाखवता येतं, तिथे हात लावूच नये. रोज हे पाहणाऱ्या मुलालाही कळतं की आपल्या अंगाला हात लावण्याआधी विचारायचं असतं, आणि न विचारणारा माणूस त्याला चटकन खटकतो.

कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत, ढोल ठेवायच्या गाळ्यात किंवा गाडीवर राहणार नाही. दोन जबाबदार मोठी माणसं कायम हवीत. कपडे बदलायला मुला-मुलींच्या वेगळ्या जागा, आणि तिथे मोबाइल बंद. सूचना फक्त सामाईक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर द्याव्यात, त्यात पालकही असावेत. रात्री मुलाला खासगी मेसेज करणं पथकात चालत नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगावं.

विसर्जनाच्या दिवशी खरी कसोटी लागते. नाशिकची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि गर्दीतून पुढे सरकायला तासन् तास लागतात. पाच-सहा मुलांमागे एक ताई किंवा दादा नेमावा, पाणी आणि विश्रांतीच्या जागा आधी ठरवाव्यात, आणि शेवटी यादी घेऊन एकेक मूल पालकांच्या हाती द्यावं. गर्दीत दुसऱ्या कुणाचं हरवलेलं मूल किंवा गोंधळलेली आजी सापडली, तर परस्पर कुणाच्या ताब्यात देऊ नये. जवळच्या पोलिसांकडे न्यावं.

एखाद्या मुलानं काही सांगितलं तर? शांतपणे ऐकावं. “तू तिथे गेलासच कशाला?” असं विचारू नये, आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावेत. स्वतः चौकशी करू नये, आरोपीला समोर बसवून बैठक घेऊ नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडण्याची भीती असेल, तर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. ११२ किंवा चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ लावावा. मुलाला पोलीस ठाण्यात जाण्याची धास्ती वाटते. पण जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यावा, अशीही तरतूद आहे. मुलाचं नाव, फोटो, शाळा ग्रुपवर टाकू नये.

हेच भान मोठ्यांबाबतही हवं. पथकात बौद्धिक अपंगत्व असलेला पंचविशीतला वादक असेल, किंवा पथक वृद्धाश्रमात वादनाला जात असेल, तर वयानं मोठी असूनही ही माणसं दुसऱ्यावर अवलंबून असतात. त्यांचे पैसे, फोन, औषधं एकाच माणसाच्या हाती देऊ नयेत, आणि त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना विचारूनच घ्यावेत. अपंग व्यक्तीचा छळ होत असल्यास २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानुसार कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. पथकप्रमुखांनो, यंदाच्या पहिल्या सरावाआधी हे नियम एका कागदावर लिहा, तक्रार ऐकायला एक ताई आणि एक दादा नेमा, आणि त्यांची नावं व १०९८ हा नंबर प्रत्येक मुलाला द्या. पालकांनो, नाव नोंदवण्याआधी तो कागद मागा. मिळाला नाही तर दुसरं पथक शोधा.